मर्यादा ओलांडली, की मर्यादाच वाढवायची?

मेट्रोचं भुयार जिथून जातं तिथल्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर छोटे चकचकीत तुकडे चिकटवलेले दिसतात. तुम्हीही कधी पाहिले असतील. ते आरसे असतात. समोर कुठेतरी बसवलेलं यंत्र ठरावीक वेळाने त्यांच्यावर किरण सोडतं आणि इमारत किती मिलिमीटर हलली ते टिपून ठेवतं. जमिनीच्या आतही अशी यंत्रं असतात. कुठलं भिंतीचा बाक मोजतं, कुठलं टेकूवरचा भार, कुठलं भूजलाची पातळी.

माझ्या संशोधनाचा विषय 'मोठ्या सार्वजनिक वाहतूक प्रकल्पांतलं जोखीम-व्यवस्थापन' असा भारदस्त आहे. पण घरी कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: यंत्राने आकडा दिला, पुढे काय होतं? कारण मोजणं हा भाग आता बऱ्यापैकी सुटलेला आहे. अडतं ते पुढेच.

आधी जोखमीची नोंदवही

प्रत्येक मोठ्या प्रकल्पात एक रिस्क रजिस्टर असतं. त्यात संभाव्य धोक्यांची यादी असते आणि प्रत्येक धोक्यापुढे दोन आकडे: तो घडण्याची शक्यता (१ ते ५) आणि घडलाच तर परिणाम (१ ते ५). दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या धोक्याचे गुण. मग लाल, पिवळा, हिरवा असे रंग.

ऐकायला सोपं वाटतं, आणि उपयोगीही आहे. निदान सगळ्यांना एका टेबलाशी बसून 'काय काय बिघडू शकतं' याचा विचार करावा लागतो. पण एक उदाहरण घेऊ. 'पावसामुळे काम लांबेल': शक्यता ५, परिणाम २, गुण १०. 'खड्ड्याच्या भिंतीचे टेकू निकामी होतील': शक्यता १, परिणाम ५, गुण ५. म्हणजे बैठकीत पावसावर दुप्पट चर्चा! शिवाय तो '१' कुठून आला? टेकूंचं गणित बरोबर आहे असं गृहीत धरल्यामुळे आला. गणितच चुकलं असेल तर '१' ला काही अर्थ उरत नाही, आणि ते चुकलं आहे हे नोंदवही सांगू शकत नाही. ते जमीन सांगते, त्या यंत्रांमधून.

आता ज्या घटनेशिवाय या विषयावर बोलताच येत नाही तिच्याकडे येऊ.

सिंगापूर, २० एप्रिल २००४

सिंगापूरमध्ये सर्कल लाइनचं काम चालू होतं. निकोल हायवे या मोठ्या रस्त्याला लागून सुमारे तीस मीटर खोल चर खणला जात होता. जागा समुद्रात भराव टाकून मिळवलेली, खाली मऊ चिखलमाती. अशा जमिनीत खणायचं तर आधी दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या खोल भिंती उभ्या करतात, मग मधली माती काढत खाली जातात. भिंती आत झुकू नयेत म्हणून दर थोड्या खोलीवर पोलादाचे आडवे टेकू लावत जातात. इथे टेकूंचे दहा थर ठरले होते. नऊ लागले होते आणि दहाव्यासाठी खणणं चालू होतं.

त्या दिवशी सकाळपासून खालून धातूचे आवाज येत होते. नवव्या थरात टेकू ज्या आडव्या तुळईला टेकतात तिथले जोड वाकलेले दिसले. तिथे काँक्रीट भरून मजबुती देण्याची धडपड सुरू झाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळंच खाली गेलं, शेजारच्या हायवेच्या सुमारे शंभर मीटर तुकड्यासकट. साइटवरची चार माणसं गेली. त्यांतल्या एका मुकादमाचा मृतदेह शेवटपर्यंत सापडला नाही. त्याने आपल्या माणसांना आधी बाहेर पिटाळलं होतं.

सरकारने चौकशी समिती नेमली. २००५ मध्ये आलेला तिचा अंतिम अहवाल आमच्या क्षेत्रात सगळ्यांना वाचावाच लागतो. त्यात दोन मोठ्या तांत्रिक चुका पुढे आल्या.

पहिली चूक संगणकातल्या गणिताची. मऊ मातीची ताकद अशा पद्धतीने धरली गेली की ती खऱ्यापेक्षा जास्त निघाली. त्यामुळे भिंत किती वाकेल याचा अंदाज जवळपास निम्माच आला. दुसरी चूक जोडाची. टेकू आणि तुळई यांच्यामधल्या जोडाची ताकद हवी तिच्या जवळपास निम्मी होती. वर त्याच्या रचनेत केलेल्या एका बदलामुळे तो एका मर्यादेनंतर हळूहळू वाकत जाण्याऐवजी एकदम हार मानणारा झाला होता. एक जोड गेला, त्याचा भार शेजारच्यावर गेला, तोही तितकाच कच्चा. नोंदवहीत या दोन चुका दोन वेगळ्या ओळींत येतात. जमिनीत त्या एकाच टेकूवर एकत्र आल्या.

यंत्रं गप्प नव्हती

पण मी तुम्हाला हे सांगतेय ते या चुकांसाठी नाही. चुका होतात. जोखीम-व्यवस्थापन असतंच मुळी चुका होणार हे गृहीत धरून. मला अस्वस्थ करतो तो पुढचा भाग.

भिंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकते आहे हे यंत्रं आधीपासून दाखवत होती. पातळी ओलांडली गेली तेव्हा काय झालं? 'बॅक अ‍ॅनालिसिस' केलं गेलं, म्हणजे प्रत्यक्ष मोजमापाशी जुळावं म्हणून गणितातले आकडे बदलून पाहणं. गणित जुळलं, त्यातून नवी आणि मोठी मर्यादा निघाली, काम पुढे सुरू झालं. भिंत पुन्हा वाकत गेली. पुन्हा बॅक अ‍ॅनालिसिस, पुन्हा नवी मर्यादा.

एक लक्षात घ्या, बॅक अ‍ॅनालिसिस ही लबाडी नव्हे. चांगली, रोज वापरली जाणारी पद्धत आहे. फक्त तिने उत्तर कशाचं द्यायचं हे महत्त्वाचं. 'आकडा का जास्त आला?' याचं उत्तर शोधायला ती वापरली, तर कदाचित मातीच्या ताकदीची चूक सापडली असती. 'किती आकड्यापर्यंत पुढे जाता येईल?' यासाठी वापरली, की ती परवानगी देणारं यंत्र होते. आजारी माणसाचा ताप १०२ वर गेला म्हणून थर्मामीटरवरची लाल खूण १०३ वर सरकवण्यासारखं आहे हे.

भूतंत्रज्ञ राल्फ पेक यांनी १९६९ मध्येच या कामाची शिस्त मांडून ठेवली होती. जमीन पूर्ण कधीच कळत नाही, म्हणून मोजत मोजत पुढे जायचं. पण एक अट: प्रतिकूल आकडा आला तर काय करायचं हे खणायला सुरुवात करण्याआधीच ठरलेलं हवं. आधी का? कारण आकडा येतो तेव्हा खड्डा उघडा असतो, क्रेन भाड्याने चालू असतात, वेळापत्रक आधीच मागे पडलेलं असतं. त्या क्षणी 'थांबा' म्हणण्याची किंमत लगेच मोजता येते. न थांबण्याची किंमत मात्र फक्त एक शक्यता असते, नोंदवहीतल्या '१' सारखी. अशा वेळी भल्या माणसांचाही निर्णय एका बाजूला कलतो. निकोल हायवेला डिझाइन आणि बांधकाम एकाच कंत्राटात होतं, हेही विसरून चालणार नाही. आपलंच गणित चुकलं, हे म्हणायला आपल्यालाच सांगणं सोपं नसतं.

मग बदललं काय?

समितीच्या शिफारशींतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट साधी आहे. तात्पुरत्या बांधकामाला कायमच्या बांधकामाइतकंच गांभीर्य द्या: तेच सुरक्षेचे निकष, तशीच स्वतंत्र तपासणी. टेकू काही महिन्यांनी काढून टाकायचे असले, तरी त्या काही महिन्यांत माणसं त्यांच्याच खाली उभी असतात. २००६ मध्ये सिंगापूरमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा नवा कायदा आला. निकोल हायवे स्टेशन मूळ जागेपासून थोडं हलवून बांधलं गेलं आणि २०१० मध्ये सुरू झालं.

'तात्पुरतं' हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. मुंबईच्या मेट्रो ३ चं आचार्य अत्रे चौक स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि २६ मेच्या पावसात त्यात पाणी घुसलं. स्टेशन ठीक होतं. काम अजून चालू असलेल्या एका प्रवेशद्वाराशी पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. निकोल हायवेशी याची बरोबरी करायची नाही, मुंबईचा कातळही त्या चिखलमातीपेक्षा फार वेगळा. पण कच्चा दुवा कुठे असतो बघा: पूर्ण झालेल्या आणि अर्धवट कामाच्या सांध्यावर.

तुमच्या शहरात आज ना उद्या मेट्रोचं काम निघणार. 'सगळी आधुनिक यंत्रणा बसवली आहे' असं सांगितलं जाईल आणि ते खरंही असेल. तेव्हा तीन प्रश्न विचारा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे? मर्यादा बदलायची झाली तर ती कोण बदलतं, आणि ज्याचं गणित आहे त्याच्याबाहेरचं कुणी ते तपासतं का? आणि थांबलेल्या दिवसांचे पैसे कोण भरतं?

तिसरा प्रश्न हिशेबाचा वाटेल. माझ्या मते पहिल्या दोन्हींचं खरं उत्तर त्यातच असतं. थांबण्याचा सगळा तोटा ज्याच्या खिशातून जाणार, त्याच्या हातात 'थांबा'चं बटण देऊन ठेवणं म्हणजे बटण नसल्यासारखंच आहे.