भाताच्या बियाण्याची मिठाच्या पाण्यांत पारख

तरवा विरळ उगवला म्हणजे हंगाम हातचा जातो, आणि दोष बहुधा अर्धवट भरलेल्या बियांचा असतो. असा दाणा सुपानें पाखडून निघत नाहीं. पाणी मात्र त्यास निवडतें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या पदार्थाचें वजन त्याच्या जितकी पट, तितकें त्या पदार्थाचें विशिष्टगुरुत्व.

साध्या पाण्यांत केवळ पोचट दाणे तरंगतात. मीठ विरघळविलें म्हणजे पाणीच जड होतें व निवड कडक होते. जपानांत योकोई तोकियोशी यांनीं १८८२ सालीं ही युक्ति काढली. तेथें साध्या भातास १.१३ विशिष्टगुरुत्वाचें पाणी घेतात. आपल्याकडील शिफारस १० लिटर पाण्यास ३०० ग्रॅम मिठाची. तें पाणी १.०२ च्या आसपास भरतें. जपानी प्रमाण आपल्या बियांस डोळे मिटून लावूं नये, असें आम्हांस वाटतें. चांगलें बीं फुकट जावयाचें.

पाणी किती जड झालें हें पाहणें असल्यास एकच बाटली प्रथम साध्या व मग मिठाच्या पाण्यानें कांठोकांठ भरून तोलावी. रिकाम्या बाटलीचें वजन दोन्हींतून वजा करून दुसऱ्यास पहिल्यानें भागावें.

तरंगलेले दाणे काढून टाकावे. तळचें बीं स्वच्छ पाण्यानें दोनतीन वेळां धुवून सावलींत सुकवावें. धुण्याचा कंटाळा केल्यास राहिलेलें मीठ उगवणीस बाधतें.