जुना अपराध, नवी शिक्षा

अमेरिकेतून हद्दपार झालेला परदेशी माणूस परवानगीवाचून तेथे परतला आणि पकडला गेला, तर त्याला कायद्याने अधिकात अधिक २ वर्षांचा कारावास देता येतो. हद्दपारीपूर्वी त्याला एखाद्या अतिगंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली असेल, तर हीच मर्यादा २० वर्षांवर जाते. नवे कृत्य दोघांचेही तेच. शिक्षेची मर्यादा मात्र दसपट!

एवढा फरक पाडणारी बाब निदान आरोपपत्रात तरी नमूद असावी, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ती अमान्य केली. पूर्वीची शिक्षा हा गुन्ह्याचा घटक नसून केवळ शिक्षेचे प्रमाण ठरविणारी बाब आहे, असे बहुमताच्या वतीने न्या. ब्रायर यांनी लिहिले. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने शिक्षेची कमाल मर्यादा वाढविणारी प्रत्येक बाब ज्यूरीपुढे निःसंशय सिद्ध झाली पाहिजे, असा दंडक घातला. पण पूर्वीच्या शिक्षेचा अपवाद तेवढा राखून ठेवला. आपले १९९८ चे मत चुकले, अशी कबुली न्या. थॉमस यांनी त्याच वेळी दिली. तरी तो अपवाद आजही उभा आहे. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने वाढीव शिक्षेसाठी पूर्वीच्या शिक्षेची तारीख व स्थळ दोषारोपात देणे आवश्यक ठरविले होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तो नियम ठेवला आहे. या एका बाबतीत तरी आपली व्यवस्था अधिक सरळ म्हणावी लागेल.

अपिलात दाद मिळते म्हणावे, तर तेथेही अडचण आहे. शिक्षेच्या मार्गदर्शक कोष्टकात गुन्ह्याच्या श्रेणीचा आणि आरोपीच्या पूर्वेतिहासाचा मेळ घालून महिने काढतात. या गुन्ह्याची मूळ श्रेणी ८. काही जुन्या गुन्ह्यांबद्दल तीत एकदम १६ ची भर पडे. तोच जुना गुन्हा पूर्वेतिहासाच्या रकान्यात पुन्हा मोजला जाई! या दुहेरी मोजणीस अपील न्यायालयांनी सामान्यतः हरकत घेतली नाही. कोष्टकानुसार दिलेली शिक्षा वाजवी मानण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली त्यांना मुभा दिल्यावर तर अपिलार्थीची वाट अधिकच अरुंद झाली.

म्हणूनच नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाचा २००९ चा एक निकाल लक्षणीय ठरतो. त्यातील आरोपीची मूळ शिक्षा पंचवीस वर्षांपूर्वीची; पूर्वेतिहासात मोजण्यासही ती फार जुनी झालेली. तरी तिच्यापोटी १६ ची भर पडलीच आणि ५२ महिन्यांचा कारावास झाला. अपील न्यायालयाने तो अवाजवी ठरवून रद्द केला. २०१६ साली कोष्टकही बदलले. पूर्वेतिहासात न मोजता येणाऱ्या शिक्षेपोटी श्रेणी वाढविणे त्यामुळे थांबले. मोजता येणारी शिक्षा मात्र आजही दोन्हीकडे मोजली जाते.