उत्तर कुणालाच येत नसताना

धातूच्या पत्र्याला मधोमध गोल भोक आहे. पत्रा सगळीकडून सारखा तापवला, तर भोक मोठं होईल, लहान होईल की तेवढंच राहील?

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर वर्गात असे प्रश्न टाकतात. १९९०च्या सुमारास त्यांना दिसलं, की अवघड गणितं झटपट सोडवणारी त्यांची मुलं बलाविषयीच्या अगदी साध्या प्रश्नांना अडखळतात. सूत्रं पाठ होती, समज कच्ची होती. मग त्यांनी शिकवण्याची रीतच बदलली.

प्रश्न आला की आधी प्रत्येकाने गप्प बसून स्वतः विचार करायचा आणि पर्याय निवडायचा. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर मझूर उत्तर सांगतच नाहीत. वेगळं उत्तर दिलेला शेजारी गाठायचा आणि त्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं! वर्गात एकच गलका होतो. धातू आतल्या बाजूलाही पसरणार, म्हणून भोक आक्रसणार, असं एकाला वाटतं. दुसरी विचारते, ‘भोकाच्या कडेवरचे अणूही एकमेकांपासून लांब जाणार ना? मग घेर कमी कसा होईल?’ तिचं बरोबर आहे. भोक मोठं होतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून घेतो, ती याचसाठी.

अशा चर्चेनंतर पुन्हा कौल घेतला, की बरोबर उत्तरं वाढतात. पण मुलं हुशार शेजाऱ्याचं नुसतं ऐकत असतील तर? कोलोराडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. जनुकशास्त्राच्या वर्गात चर्चा झाल्यावर, उत्तर न सांगताच, त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष थक्क करणारा आहे: ज्या गटांत सुरुवातीला बहुधा कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथल्याही अनेकांना नवा प्रश्न सुटला. कुणीही न सांगता समज तयार झाली होती!

‘प्रसरणाची व्याख्या सांगा’ म्हटलं, की आठवलेलं म्हणून दाखवता येतं. भोकाच्या प्रश्नात मात्र बाजू घ्यावी लागते, कारण द्यावं लागतं, समोरच्याचा आक्षेप तोलावा लागतो. असा एक प्रश्न रचायला प्राध्यापकाला कदाचित अख्खी संध्याकाळ लागेल. ती लागू द्यावी, आणि वर्गात उत्तर सांगायची घाई तेवढी करू नये.