हृदयावरील वण

गुडघा फुटला तर कांहीं दिवसांनीं तेथें वण उरतो. तो डोळ्यांना दिसतो आणि त्यापासून विशेष अपाय नसतो. हृदयाच्या स्नायूवरील वणाची गोष्ट निराळी आहे. रक्तवाहिनी तुंबली, कीं तिच्या आश्रयानें जगणाऱ्या पेशी मरतात; त्या जागीं नवा स्नायु न येतां चिवट तंतूंची भर पडते. ही भर भिंत सांधते, पण आकुंचन पावत नाहीं. शिवाय विद्युत्प्रवाह तेथें अडखळल्यामुळें ठोक्यांचा ताल बिघडण्याचें भय राहतें.

खरी अडचण निदानाची. हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग हालेनासा झाला, म्हणजे तो मेलाच असें नव्हे. रक्ताच्या तुटवड्यामुळें जिवंत स्नायूहि काम आवरतें घेतो. रक्तपुरवठा पूर्ववत् केला तर असा निद्रिस्त स्नायु जागा होऊं शकतो. वणाला मात्र जाग येत नाहीं. विश्रांतीच्या वेळीं घेतलेल्या ध्वनिलहरींच्या चित्रांत पुष्कळदां दोन्ही सारखेच निश्चल दिसतात. मग शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं?

हा भेद छातीला शस्त्र न लावतां दाखविणारें साधन म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाचें चित्रण. व्यवहारांत त्यालाच एम्. आर्. आय्. म्हणतात. शिरेंतून गॅडोलिनियम या धातूचें संयुग टोंचतात. तें जिवंत पेशींच्या आंत शिरत नाहीं; पेशींच्या मधल्या जागेंतच फिरतें. निरोगी स्नायूंत पेशींची दाटी असल्यामुळें त्याला जागा थोडी, आणि तें लवकर वाहून जातें. वणांत तंतूंमधील जागा मोठी, म्हणून तें तेथें रेंगाळतें. १० ते २० मिनिटांनीं चित्र घेतलें, कीं निरोगी स्नायु काळा आणि वण पांढराशुभ्र उमटतो.

वणाच्या जागेवरून कारणहि कळतें. रक्तवाहिनी तुंबल्यानें आलेला वण हृदयाच्या आंतल्या थरापासून बाहेर पसरतो. स्नायूच्या दाहाचा वण बहुधा बाहेरच्या थरांत वा मधोमध सांपडतो.

या चित्रांवर कितपत विसंबावें, तें २००० सालीं अमेरिकेंतील रेमंड किम व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. रक्तपुरवठा सुधारण्यापूर्वीं ५० रुग्णांचीं चित्रें घेण्यांत आलीं. हालचाल मंदावलेल्या ज्या भागांत वण मुळींच नव्हता, त्यांपैकीं शेंकडा ७८ पुढें सुधारले. भिंतीच्या पाऊण जाडीहून अधिक वण असलेल्या ५८ भागांपैकीं अवघा एक सुधारला.

साधन निर्दोष नाहीं. मूत्रपिंडें फार दुबळीं असलेल्यांना हें संयुग देतांना सावधगिरी लागते. तंतूंची वाढ एके ठिकाणीं न सांचतां सर्व स्नायूंत बारीक विखुरली असेल, तर काळ्यापांढऱ्याचा भेदच पुसला जातो. तेथें स्नायूच्या चुंबकीय गुणाचें मोजमाप करून हृदयाचा नकाशा काढावा लागतो. तरीहि मेलेल्या स्नायूसाठीं रोग्यानें शस्त्रक्रियेचें संकट सोसूं नये, आणि निजलेल्याला कोणी मेलेला समजूं नये, हें या चित्रांमुळें पुष्कळ अंशीं साधतें.