भोवळ, जस्त आणि शरीराचा जमाखर्च

मराठीत आपण भोवळ म्हणतो, घेरी म्हणतो, चक्कर म्हणतो. कन्नडमध्ये 'तलेसुत्तु' म्हणतात, म्हणजे डोके फिरणे. अशक्तपणा, पित्त, डोळ्यांपुढची अंधारी, सारे आपण याच शब्दांत घालतो. वैद्यकशास्त्रातील 'व्हर्टिगो'चा अर्थ मात्र नेमका आहे : आपण स्थिर असूनही आपण किंवा भोवतालचे जग गरगरते आहे असे वाटणे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरला, रामबागेत मावशीकडे होतो. कुशीवर वळले की तिला घर फिरताना दिसे. कुणीतरी जस्त व सेलेनियमच्या कॅप्सूल सुचविल्या. ती एकीऐवजी दोन घेऊ लागली आणि डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकू लागली. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला वैद्यक कुठले येणार? पण पैसा कशापायी जातो, हे विचारण्याची सवय आम्हांला असते. म्हणून मी वाचू लागलो.

आपल्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती मिळवतात. या व्यवहारात 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण तयार होतात. ही झाली नावे बाजू. जमा बाजूला त्यांना निष्प्रभ करणारी एन्झाइम्स असतात. १९६९ साली अमेरिकेत मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी असे एक एन्झाइम ओळखले. त्याच्या एका प्रकाराला तांबे व जस्त लागते, दुसऱ्याला मँगनीज. आणखी एका एन्झाइमला सेलेनियम लागते. नावे बाजू जमेपेक्षा वाढली की त्या तुटीला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक असते. म्हणून या तुटीची झळ त्याला लवकर लागत असावी, असा तर्क आहे.

भोवळीच्या रुग्णांच्या रक्तात ही खनिजे व या ताणाच्या खुणा मोजणारे लहान लहान अभ्यास झाले आहेत. काहींत फरक आढळला. पण पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कुणी म्हणत नाही. आजारी माणूस कमी जेवतो, त्याची झोप उडते. रक्तातला फरक त्यामुळेही पडू शकतो. दोन आकडे शेजारी दिसले, एवढ्याने एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

मावशीचे कारण वेगळेच निघाले. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोके हलताच भोवळ येते. डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे डोके ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर ते स्फटिक नलिकेबाहेर काढतात. हे काम कोणतीही कॅप्सूल करू शकत नाही. मावशीला दोन वेळांत आराम पडला. खनिजांचा संबंध इथे आहे, पण निराळा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील एका प्रयोगात, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते त्यांना ते कॅल्शियमसह वर्षभर दिले. भोवळ पुन्हा येण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, आधी तपासणी, मग गोळी.

वाचकहो, "घेतल्याने तोटा काय?" हा प्रश्न व्यापारातही धोक्याचा असतो. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त पुरते. झिंक सल्फेटच्या २२० मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम असते. जास्तीचे जस्त दीर्घकाळ पोटात गेले तर तांबे शोषले जात नाही. तांबे घटले की पंडुरोग होतो, मज्जातंतू बिघडतात आणि चालताना तोल जातो. तोल सांभाळण्यासाठी घेतलेले औषध असे तोलावरच उलटू शकते!

जस्त डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून मिळते. धान्यातील फायटेट त्याला अडवते. कडधान्याला मोड आणल्याने ते कमी होते. इंदूरच्या बाफल्यांबरोबर वाटीभर मोडाची उसळ हा स्वस्त उपाय आहे. परंतु तो आहार आहे, भोवळीवरचा उपचार नव्हे. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली, एकाच्या दोन वस्तू दिसल्या किंवा असह्य डोके दुखले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. एरवीही तूट कुठे आहे हे पाहिल्यावाचून जमा बाजूला रक्कम मांडू नये, हा हिशेबाचा पहिला धडा शरीरालाही लागू आहे.