टक्का किती, आणि कशावर? व्हिडिओच्या विक्रीत नटाचा हिस्सा

कारागिराने माल तयार करून दिला, ठरलेली मजुरी घेतली, हिशेब मिटला. तो माल पुढे दुकानदाराने किती भावाने विकला याच्याशी कारागिराचा संबंध राहत नाही. आपल्या बाजाराची ही जुनी रीत आहे. अमेरिकेच्या चित्रपट धंद्यात मात्र वेगळी रीत पडली आहे. तेथे नट आपला मेहनताना घेऊन घरी जातो आणि पुढे तोच चित्रपट टीव्हीवर दाखवला, त्याची व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडी विकली, की त्याला पुन्हा पैसे मिळतात. या मागाहून मिळणाऱ्या रकमेला तेथे रेसिड्युअल म्हणतात. काम एकदा आणि दाम वारंवार, हे न्यायाचे आहे का? प्रश्न सिनेमाचा असला तरी त्यातील हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे.

ही रीत पडली कशी?

आरंभ रेडिओपासून झाला. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळात तीन तासांचे अंतर. त्यामुळे एकच कार्यक्रम कलावंत दोनदा सादर करीत, एकदा पूर्वेसाठी आणि एकदा पश्चिमेसाठी. पुढे कार्यक्रम तबकडीवर उतरवून ठेवता येऊ लागला आणि दुसऱ्या वेळी कलावंताची गरज उरली नाही. कलावंत म्हणाले, दुसऱ्यांदा आवाज आमचाच वाजतो, श्रोतेही ऐकतात, कंपनीचे उत्पन्नही होते, मग आमचाच मोबदला का बुडावा? रेसिड्युअलचे मूळ या सवालात आहे.

पुढे टीव्ही आला आणि चित्रपट कंपन्या आपले जुने चित्रपट टीव्हीला विकू लागल्या. १९६० साली नटांची संघटना स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड हिने ७ मार्चला संप पुकारला. संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली. १९६० पासून बनणारे चित्रपट टीव्हीवर दाखवले तर नटांना हिस्सा द्यायचा, असे ठरले. १९४८ ते १९५९ या काळातील चित्रपटांवरचा दावा संघटनेने सोडला आणि त्याबदली निवृत्तिवेतन व आरोग्य निधीसाठी २२.५ लाख डॉलर एकरकमी घेतले. ज्यांची उमेद त्या जुन्या चित्रपटांत खर्ची पडली होती असे कितीतरी नट या सौद्यावर नाराज राहिले.

कॅसेटचा बाजार

सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ साली आले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ नावाच्या छोट्या कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपटांचे हक्क घेतले आणि सुमारे ५० डॉलरला एक अशा भावाने कॅसेटी विकायला काढल्या. मोठ्या कंपन्यांचा या यंत्रावर इतका राग की युनिव्हर्सल आणि डिस्ने सोनीविरुद्ध कोर्टात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. गंमत अशी, की ज्या यंत्राला या कंपन्या बुडवायला निघाल्या होत्या, त्याच यंत्राने पुढे त्यांच्या तिजोऱ्या भरल्या.

नटांनी हा बाजार वेळीच ओळखला. जुलै १९८० मध्ये त्यांनी पुन्हा संप केला, तो सुमारे तीन महिने चालला. मुख्य मागणी होती कॅसेट आणि पैसे भरून पाहायच्या टीव्हीच्या उत्पन्नातील हिश्श्याची. त्या सप्टेंबरमध्ये टीव्हीचे मानाचे एमी पुरस्कार वाटले गेले, तेव्हा विजेत्या नटांपैकी एकटा पॉवर्स बूथ हजर होता. बाकीच्यांनी समारंभाकडे पाठ फिरवली. अखेरीस नव्या बाजारात नटांचा हिस्सा मान्य झाला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

निर्मात्याची बाजू हलकी नाही. भांडवल त्याचे, कर्ज त्याच्या डोक्यावर. चित्रपट पडला तर नट घेतलेले पैसे परत करीत नाही, मग चालला तर त्याने पुन्हा हात का पसरावा? शिंप्याने शिवलेला अंगरखा गिऱ्हाईक दहा वर्षे वापरते, म्हणून शिंपी दरवर्षी शिलाई मागत नाही. शिवाय पडद्यामागे सुतार, रंगारी, वेशभूषेचे कारागीर राबतात, त्यांनी काय गुन्हा केला?

शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो. अमेरिकेत तंत्रज्ञ आणि कारागिरांच्या संघटनेसाठीही व्हिडिओच्या उत्पन्नातून रक्कम निघते. ती माणसागणिक वाटली जात नाही, त्यांच्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीत जमा होते.

आता शिंप्याचा दाखला. अंगरखा एकच असतो आणि तो विकला जातो तोही एकदाच. चित्रपटाचे तसे नाही. त्याची तुलना करायची तर कापडावर छापायच्या नमुन्याशी करावी. नमुना एकदा काढला की त्याच ठशाने दहा वार छापा की दहा लाख वार. अशा वेळी शहाणा माणूस सौदा करतानाच विचारतो, किती छापणार आणि कुठे विकणार? नटाने पहिला मेहनताना घेतला तो चित्रपटगृहाच्या धंद्याचा अंदाज धरून. कॅसेटचा बाजार तेव्हा जन्मालाच आला नसेल, तर त्याची किंमत त्या मेहनतान्यात आली कशी?

दुसरी गोष्ट, नटाचे जुने काम त्याच्याच नव्या कामाशी स्पर्धा करते. लोक घरी बसून जुना चित्रपट पाहतात तेवढी नव्याची मागणी कमी होते. तिसरी गोष्ट, कॅसेटवरचा हिस्सा विक्री झाली तरच द्यावा लागतो. माल पडून राहिला तर निर्मात्यावर त्याचा बोजा नाही.

कराराचा एक शब्द

पेगी ली या गायिकेचा खटला येथे सांगण्यासारखा आहे. डिस्नेच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या १९५५ च्या कार्टूनपटात तिने अनेक पात्रांना आवाज दिला आणि सोबतीने गाणीही लिहिली. करार १९५२ चा, मोबदला काही हजार डॉलर. १९८७ साली त्याची कॅसेट निघाली आणि लाखो प्रती खपल्या. तिने जुना करार काढून पाहिला. जनतेला विकण्यासाठी रेकॉर्ड किंवा तशा स्वरूपाची प्रत काढायची तर तिची परवानगी लागेल, अशा अर्थाचे कलम त्यात होते. करार झाला तेव्हा व्हिडिओ कॅसेट कोणी स्वप्नातही पाहिली नव्हती. तरीही कोर्टाने कॅसेट या कलमात येते असे मानले आणि १९९१ साली तिला सुमारे २३ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. ३५ वर्षे कागदात पडून राहिलेल्या एका शब्दाची ही किंमत.

टक्क्यातील खुबी

ज्यांना संघटनेच्या करारामुळे हिस्सा मिळाला, त्यांना प्रत्यक्षात काय मिळाले? सूत्र ऐकायला भरघोस आहे. पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नावर ४.५ टक्के, त्यापुढे ५.४ टक्के. पण कशाचे ४.५ टक्के? कंपनी स्वतःच कॅसेट विकत असेल तर घाऊक विक्रीची सगळी रक्कम हिशेबात धरत नाहीत, फक्त २० टक्के धरतात. उरलेले ८० टक्के आधीच बाजूला निघतात.

उदाहरण घेऊ. एक लाख डीव्हीडी घाऊक दहा डॉलरने गेल्या असे समजा. कंपनीकडे दहा लाख डॉलर आले. हिशेबात धरायचे दोन लाख. त्यावर ४.५ टक्के म्हणजे ९,००० डॉलर. ही रक्कम एका नटाची नव्हे, सर्व नटांची मिळून. कोणी किती दिवस काम केले आणि वेतन किती होते त्यानुसार तिची वाटणी होते. म्हणजे दहा डॉलरच्या मालात सगळ्या नटांचे मिळून नऊ सेंट. बोलण्यात साडेचार टक्के, हातात ०.९ टक्के.

८० टक्के वगळण्यामागे सुरुवातीला कारण होते. कॅसेट भरणे, तिची वेष्टने, वाहतूक, सगळेच तेव्हा महाग होते. डीव्हीडी १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत आली, तशी प्रत काढण्याची किंमत फार उतरली. खर्च उतरला, पण वजावट जागच्या जागी राहिली. लेखकांचे सूत्रही याच २० टक्क्यांवर उभे होते. नोव्हेंबर २००७ मध्ये लेखकांनी संप केला तेव्हा डीव्हीडीचा हिस्सा दुप्पट करण्याची मागणी होती. तडजोडीच्या आशेने ती सोडावी लागली. इंटरनेटवरचा हिस्सा पदरात पाडून फेब्रुवारी २००८ मध्ये संप मिटला.

त्यानंतर बाजार पुन्हा पालटला. आता लोक डीव्हीडी घेत नाहीत, महिन्याची वर्गणी भरून घरबसल्या पाहतात. नगाने विक्रीच नाही, मग टक्का लावायचा कशाला? २०२३ साली नट ११८ दिवस संपावर होते, त्यात हा मोठा प्रश्न होता. जास्त पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांवर जादा रक्कम मिळेल असे तेव्हा ठरले. हा झगडा बड्या ताऱ्यांचा नव्हता. त्या संघटनेच्या आरोग्य विम्यासाठी वर्षाला सुमारे २६ हजार डॉलर कमाई दाखवावी लागत होती आणि बहुतेक सभासद तेवढेही कमवत नव्हते. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत येणारा छोटा चेक त्यांचे घरभाडे भागवतो, विमा टिकवतो.

आपल्याकडे

हिंदी चित्रपटात हा वाद १९६० च्या दशकात गायकांमध्ये झाला. लता मंगेशकर यांचे म्हणणे, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला रॉयल्टी मिळावी. मोहम्मद रफी यांचे म्हणणे, मेहनताना घेतला, तेथे हक्क संपला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि याच वादात काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. पुढे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का करण्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर नेट लावला होता. त्याच दुरुस्तीत, सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास सादर करणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क दिला आहे. ज्याचे काम किरकोळ असून श्रेयनामावलीत नावही नाही, अशा नटाला मात्र यात जागा नाही.

मग न्याय काय?

माझे मत असे, की नटाला हिस्सा मिळावा. त्याची गरज हे त्याचे कारण नव्हे, गरज मजुराचीही असते. कारण हे की त्याचा चेहरा आणि आवाज हाच माल आहे, तो पुन्हा पुन्हा विकला जातो आणि पहिल्या दामात त्या पुढच्या विक्रीची किंमत धरलेली नसते. जेथे सर्व बाजार समजून, त्याची किंमत धरून, राजीखुशीने एकरकमी सौदा झाला, तेथे दुसऱ्यांदा मागणे रास्त नाही. पण असा सौदा बडा तारा करू शकतो, चार वाक्ये बोलणारा नट करू शकत नाही. त्याच्यासाठी संघटनेने ठरवलेला किमान हिस्सा हवाच.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनी यातून इतके घ्यावे. करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: काय विकतो आहे, कोणत्या बाजारासाठी, किती मुदतीसाठी, आणि टक्का कोणत्या रकमेवर. यातला चौथा प्रश्न बहुतेक जण विचारायचे विसरतात, आणि साडेचाराचे ०.९ होते ते तेथेच.