बीप वाजण्याआधीच पावती फाटते

सकाळी नऊच्या सुमारास कळवा नाक्यावर कुणी गाडीच्या काचेला पोलिसांच्या स्पीडगनची चाहूल देणारा रडार डिटेक्टर चिकटवला, तर ते यंत्र बहुधा मुकाट बसून राहील. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून सरकत येणारी रांग, खारेगावकडून येणारे कंटेनर, मध्येच घुसणारी रिक्षा, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा खाडीपूल सुरू होऊनही ठाण्याच्या बाजूला जाऊन अडकणारी गर्दी. इथे वेगमर्यादा मोडायची म्हटलं तरी मोडता येत नाही. कळवेकराच्या मोबाइलवर येणारं ई-चलान हेल्मेटचं असतं, सिग्नलचं असतं, झेब्रा पट्टीवर चाक गेल्याचं नाहीतर नो पार्किंगचं असतं. यातलं एकही जगातला कुठलाच डिटेक्टर टाळू शकत नाही.

तरी असा डिटेक्टर घ्यावा का, हा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणारे सगळे काही वेगाचे वेडे नसतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. खारेगावहून नाशिक महामार्ग धरायचा, माणकोली-रांजनोली ओलांडायची आणि आमण्याला ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर चढायचं. नागपूरपर्यंत सिग्नल नाही. दुसऱ्या बाजूला ऐरोली-बेलापूरवरून कळंबोली गाठली की पुण्याचा एक्स्प्रेसवे, आणि तिथे जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी वाहतूक यंत्रणा लागलेली. रोज वीसच्या वेगाने गाडी हाकणारा माणूस सुट्टीत अचानक शंभर-सव्वाशेला पोचतो आणि परत आल्यावर दोन हजारांचा मेसेज वाचतो. मग अमेरिकेतला भाचा म्हणतो, ‘मामा, आमच्याकडे याच्यासाठी एक यंत्र मिळतं.’

मिळतं, हे खरं. उपयोगाचं किती, हे समजायला आधी पोलिसांची वेग मोजणारी बंदूक कशी चालते ते पाहायला हवं.

जुनी पद्धत रडारची. बंदुकीतून रेडिओलहरी निघतात, गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरींची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आपण रोज ऐकतो: पारसिक बोगद्याच्या बाजूने येणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना तार स्वरात वाजतो आणि पुढे निघून गेल्यावर खाली उतरतो. पोलिसांच्या रडारमध्ये सर्रास वापरली जाणारी एक कंपनसंख्या २४.१५ गिगाहर्ट्झ आहे. त्या हिशेबाने ताशी शंभर किलोमीटरच्या गाडीमुळे पडणारा फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू येईल एवढा. तो मोजला की वेग निघाला.

रडारची एक खोड आहे. त्याचा झोत पसरट असतो. तो पुढच्या ट्रकवर, कठड्यावर, पाटीवर आपटून सगळीकडे विखुरतो. पोलीस तुमच्या पुढच्या गाडीचा वेग मोजत असताना सांडलेल्या लहरी मागे अर्धा-एक किलोमीटरवरही पोचू शकतात. डिटेक्टर हा त्या सांडलेल्या लहरी ऐकणारा रेडिओ. बाकी त्यात जादू नाही. दुसऱ्याला झालेली विचारपूस आपल्या कानावर पडावी आणि आपण सावध व्हावं, एवढाच त्याचा डाव.

लेझर आला आणि हा डाव उधळला. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत २०१९ नंतर दिसू लागली ती लेझर स्पीडगन. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या, ९०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाचे झटपट ठोके सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. सेकंदाच्या काही दशांशांत शेकडो अंतरं मोजून होतात आणि त्यावरून वेग ठरतो. तीनशे मीटरवर हा झोत जेमतेम मीटरभर रुंद असतो. पोलीस तो नेमका नंबर प्लेटवर नाहीतर हेडलाइटवर धरतो. पुढच्या गाडीवर पडलेला प्रकाश मागच्याकडे फारसा सांडतच नाही. तुमचा डिटेक्टर ओरडला याचा अर्थ झोत तुमच्यावर पडला, आणि तो पडला म्हणजे वेग नोंदवून झाला. ब्रेकवर पाय जाईपर्यंत फोटोही निघालेला असतो.

त्याहून चिवट प्रकार एक्स्प्रेसवेवरच्या सरासरी वेगाचा. इथे कुणी काही सोडत नाही. कॅमेरा फक्त नंबर आणि वेळ टिपतो. समजा, दोन कमानींमध्ये वीस किलोमीटर अंतर आहे. ताशी शंभरच्या मर्यादेत ते कापायला बारा मिनिटं लागतात. तुम्ही दहा मिनिटांत आलात तर सरासरी एकशेवीस झाली, मधे कॅमेरा दिसल्यावर कितीही सभ्यपणे हळू झालात तरी. या भागाकारातून कसलीच लहर बाहेर पडत नाही, मग ऐकणाऱ्या यंत्राने ऐकायचं तरी काय?

उलट जे ऐकू येतं ते भलतंच. मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे याच २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. अनेक गाड्यांचे बाजूची गाडी दाखवणारे सेन्सरही त्याच पट्ट्यातले. महागडे डिटेक्टर असला गोंगाट बराचसा गाळतात, पण स्वस्त यंत्र ठाण्यातल्या एखाद्या मॉलसमोरून जाताना पोलीस दिसल्यासारखं किंचाळेल. चार दिवसांनी माणूस त्याचा आवाज बंद करतो आणि मग ते शोभेला उरतं.

भाच्याचं मात्र चुकत नाही. त्याच्या देशात या यंत्रामागे हिशेब आहे. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लादली. मोकळे, सरळ, रुंद रस्ते, झुडपाआड रडार घेऊन बसलेली पोलीस गाडी, आणि पकडलं गेल्यावर दंडाहून जास्त दुखणारी गोष्ट म्हणजे पुढची काही वर्षं चढणारा विम्याचा हप्ता. अशा ठिकाणी शेकडो डॉलरचं यंत्र परवडतं. आपल्याकडे वेगाचं एक चलान आलं म्हणून गाडीच्या विम्याचा हप्ता चढत नाही. अमेरिकेतही व्हर्जिनिया राज्यात डिटेक्टर वापरायला मनाई आहे, आणि मोठ्या व्यावसायिक वाहनांना तर देशभर. तिथे शेरास सव्वाशेरही आहे: डिटेक्टरच्या आतल्या सर्किटमधून स्वतःची थोडी लहर बाहेर गळते, ती पकडून ‘या गाडीत डिटेक्टर आहे’ हे सांगणारं यंत्र पोलिसांनी घेतलं. मग त्याला चकवणारे डिटेक्टर आले. कंपन्या दोन्हीकडून कमावतात.

पैशाचं गणित घ्या. परदेशातला नावाजलेला डिटेक्टर चारशे-पाचशे डॉलरच्या खाली सहसा येत नाही, म्हणजे इथे पोचेपर्यंत चाळीस हजारांच्या पुढे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला अतिवेगाचा दंड एक ते दोन हजार. चाळीस हजार वसूल व्हायला यंत्राने वीस पावत्या वाचवायला हव्यात. आणि दुसऱ्यांदा त्याच गुन्ह्यात सापडलं तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद त्याच कलमात आहे, तेव्हा वीस वेळा पकडलं जाण्याइतका वेळ कुणाला मिळणार? कायद्याची बाजूही निर्धास्त नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी उपकरण बाळगायलाच परवाना लागायचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी मंजुरीची अट आहे. बॅगेत ते यंत्र घेऊन विमानतळावर उतरणाऱ्याने कस्टमच्या टेबलावर वाद घालायची तयारी ठेवावी. जॅमर तर खासगी माणसाला बाळगताच येत नाही.

गाडीत बीप हवीच असेल तर ती आहे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत ताशी ऐंशीच्या वर गेलं की अधूनमधून आणि एकशेवीसच्या वर सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. गंमत अशी की तीच बंद करून देणारा इलेक्ट्रिशियन लोक शोधत फिरतात, आणि दुसरी बीप विकत घ्यायला निघतात. मोबाइलवरचा गुगल मॅप २०१९ पासून भारतात वेगाच्या कॅमेऱ्यांच्या जागा दाखवतो. मॅपमायइंडियाचं मॅपल्स ॲपही इशारा देतं. दोन्ही फुकट. सगळे कॅमेरे त्यात नसतात, पण लेझर आणि सरासरीच्या बाबतीत डिटेक्टरपेक्षा ती नक्कीच जास्त उपयोगी पडतात.

चालकांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. मर्यादा कुठे बदलली ते कळतच नाही. शंभरचा रस्ता वळणापाशी ऐंशीचा होतो आणि पाटी फांदीमागे असते. त्यासाठी डिटेक्टर नको, नियम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे यंत्राने नजर ठेवलेल्या रस्त्याच्या आधी ठळक पाटी लावणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे, आणि त्या यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. पाटी नसेल तर तिचा फोटो काढून, म्हणजे ती नसलेल्या जागेचा, भांडायला हरकत नाही. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावं, की २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. ‘अतिवेग’ हा रकाना पोलीस सढळ हाताने भरतात असं मानलं, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर त्याचा फोटो उघडून बघावा: गाडी आपलीच आहे का, ठिकाण, वेळ, नोंदलेला वेग काय. तिथेच तक्रारही नोंदवता येते. त्याआधी आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर चालू असलेला आहे ना, ते तपासावं. सेकंड हँड गाडीला मागच्या मालकाचा नंबर राहून गेलेला असतो, मेसेज त्याला जात राहतात, आणि गाडी विकायला काढल्यावर चलानांची थप्पी समोर येते. नंबर बदलण्याचं काम परिवहनच्या पोर्टलवर घरबसल्या होतं.